शिनिगामी आणि ग्रीक शिल्पांतला मृत्युदेव थानाटोस, यांचा काही संबंध आहे का?

तुमचं म्हणणं असं की डेथ नोट या जपानी कॉमिकमधल्या शिनिगामी (म्हणजे मृत्युदेव) र्‍युकला पंख आहेत, ग्रीक मृत्युदेवालाही आहेत, मग जपान्यांनी ते तिकडून ढापलं का. थेट ढापलं असं नाही म्हणता येणार. पण शिनिगामी म्हणजे कुणीतरी पुरातन अस्सल जपानी देव असं वाटत असेल तर तिथेही गडबड आहे.

शिनी म्हणजे मरण आणि कामी म्हणजे देव, इतका सरळ शब्द आहे, पण जपानच्या जुन्या पुराणकथांत या नावाचा देवच नाही. तिथे पाताळात बसलेली इझानामी आहे, आणि बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे पोचलेला एन्मा आहे, जो म्हणजे आपला यमच. शिनिगामी हा शब्द भेटतो तो 18 व्या शतकाच्या सुरुवातीला चिकामात्सु या नाटककाराच्या बाहुलीनाट्यांत, जिथे प्रेमी जोडपी एकत्र जीव देतात, आणि तिथेही तो चालता-बोलता कोणी नसतो, माणसाला मरणानं झपाटलंय एवढंच म्हणायचं असतं.

गोष्ट खरी बदलते 19 व्या शतकाच्या शेवटी. एनचो नावाचा राकुगोवाला होता (राकुगो म्हणजे एकट्यानं बसून, सगळ्यांचे आवाज काढून गोष्ट सांगायची), त्यानं शिनिगामीची एक गोष्ट रचली, मूळ युरोपातलं, ग्रिम बंधूंच्या कथेशी अगदी जुळणारं. कर्जबाजारी माणसाला शिनिगामी सांगतो की मी रोग्याच्या पायाशी बसलेला दिसलो तर मंत्र म्हण, रोगी वाचेल, उशाशी दिसलो तर हात लावू नकोस. हा पठ्ठ्या पैशाच्या लोभानं अंथरुणच फिरवतो! मग शिनिगामी त्याला मेणबत्त्यांनी भरलेल्या गुहेत नेतो, एकेक मेणबत्ती म्हणजे एकेकाचं आयुष्य, याची विझायला आलेली, नवीन पेटवायला जातो तर हात थरथरतो, मेणबत्ती विझते आणि सांगणारा स्टेजवर तसाच पुढे कोसळतो. डेथ नोटमध्ये शिनिगामीला माणसाच्या डोक्यावर उरलेलं आयुष्य दिसतं ना, मला तरी ते बघून या मेणबत्त्याच आठवतात.

आता ग्रीक बाजू. थानाटोस हा हिप्नोसचा, म्हणजे झोपेचा, जुळा भाऊ, आणि सांगाडा-बिंगाडा काही नाही. एफेसस या प्राचीन ग्रीक शहरातल्या आर्टेमिस देवीच्या मंदिराच्या खांबाचा एक प्रचंड दगडी ड्रम ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, इसवी सनपूर्व 4 थ्या शतकातला, त्यावर एक पंखवाला तरुण उभा आहे, कमरेला तलवार, शेजारी एक बाई आणि देवांचा दूत हर्मीस. बरेच अभ्यासक याला थानाटोस आणि बाईला अल्सेस्टिस मानतात. चेहऱ्यावर राग नाही, दुष्टपणा नाही, मला तर तो न्यायला आलेला कमी आणि सोबतीला आलेला जास्त वाटतो. अल्सेस्टिस म्हणजे नवऱ्याच्या बदल्यात स्वतः मरायला तयार झालेली, आणि तिला परत आणतो ग्रीक वीर हेराक्लीस, तेही थानाटोसशी कुस्ती खेळून. ग्रीक नाटककार युरिपिडीसचं यावर नाटक आहे, इसवी सनपूर्व 438 चं. सावित्रीनं यमाला बोलण्यात गुंडाळलं, इथे सरळ धोबीपछाड.

मग फरक कुठे पडतो तर थानाटोस ठरलेल्या वेळी येतो, आपलं काम करतो, त्याचा त्यात काही फायदा नाही. डेथ नोटचे शिनिगामी माणसाचं उरलेलं आयुष्य स्वतःच्या खात्यात टाकतात, आणि र्‍युक तर निव्वळ कंटाळा आला म्हणून आपली वही, जिच्यात नाव लिहिलं की माणूस मरतो, माणसांच्या जगात खाली टाकतो नि सफरचंदं खात बसतो. ब्लीच या दुसऱ्या जपानी कॉमिकमधले शिनिगामी आणखी वेगळे, काळा किमोनो, कटाना तलवार, डिपार्टमेंटसारख्या तुकड्या, म्हणजे सामुराईच जणू.

आणि पंखांचंच बघायचं असेल तर हिप्नोसचं ब्राँझचं डोकं शोधा, तेही ब्रिटिश म्युझियममध्येच आहे. पंख पाठीवर नाहीत, कानशिलातून फुटलेत, त्यातला एक तुटलाय, एकच उरलाय.