ज्यूद्वेषाचा इतिहास: संदर्भ कोणत्या फळीवर शोधावेत?

प्रश्न: मी इतिहास विषयात एम.ए. करीत असून युरोपातील ज्यूद्वेषाच्या इतिहासावर प्रबंधिका लिहिणार आहे. येथील एका ग्रंथालयात हिटलर व दुसरे महायुद्ध यांवरील पुस्तकांखेरीज काहीच हाती लागले नाही. त्याआधीच्या काळाचे संदर्भ कसे शोधावेत?
– एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर: या विषयाची पुस्तके एका कपाटात नसतात, ही आपली खरी अडचण आहे. ग्रंथालयांत पुस्तके विषयवार क्रमांक देऊन लावण्याच्या ड्यूई दशांश वर्गीकरणात नाझी काळातील ज्यूंच्या संहारावरील ग्रंथ महायुद्धाच्या इतिहासात, 940.5318 या क्रमांकाखाली लागतात आणि बहुधा आपण त्याच फळीपाशी थांबलात. ज्यूद्वेषाचा सामाजिक अंगाने विचार करणारे ग्रंथ 305.8924 खाली, तर ख्रिस्ती व यहुदी धर्मांच्या परस्परसंबंधांवरील ग्रंथ 261.26 खाली पाहावेत. मध्ययुगासाठी ही शेवटची फळी मुळीच चुकवू नये, कारण त्या काळातील द्वेष मुख्यतः धर्माच्या भाषेत व्यक्त होत असे. हे तिन्ही क्रमांक चिठ्ठीवर लिहून ग्रंथपालांकडे गेलात, तर काम पुष्कळ सोपे होईल.

शब्दांचाही घोळ आहे. ज्यूद्वेषासाठीची ‘अँटिसेमिटिझम’ ही इंग्रजी संज्ञा जर्मन पत्रकार विल्हेल्म मार याने 1879 च्या सुमारास रूढ केली. त्यामुळे 1290 मध्ये इंग्लंडमधून आणि 1492 मध्ये स्पेनमधून झालेल्या ज्यूंच्या हकालपट्टीच्या समकालीन साधनांत ती सापडणार नाही. तेथे हकालपट्टी, घेट्टो (ज्यूंची सक्तीची वेगळी वस्ती), ज्यूंवरील बालहत्येचे खोटे आरोप अशा विषयांनी शोध घ्यावा. इंग्रजी सूचीत ही संज्ञा हायफनसह आणि हायफनविना, दोन्ही प्रकारे टंकून पाहावी. मराठी सूचीत ‘ज्यू’ आणि ‘यहुदी’ हे दोन्ही शब्द तपासावेत.

युरोपच्या सर्वसाधारण इतिहासासाठी 1840 पासूनचे आपले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय गाठावे. विशेष ग्रंथांसाठी मात्र महाविद्यालयाचे पत्र घेऊन पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जाणे इष्ट. महाविद्यालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सदस्य असल्यास आंतरग्रंथालयीन देवघेवीतून पुस्तक मागविता येते. मूळ साधनांसाठी लंडनच्या वीनर ग्रंथालयाकडे वळावे. आल्फ्रेड वीनर यांनी 1933 मध्ये ॲमस्टरडॅम येथे सुरू केलेला हा संग्रह 1939 मध्ये लंडनला हलविण्यात आला. नोव्हेंबर 1938 मधील ज्यूविरोधी हिंसाचाराच्या साडेतीनशेहून अधिक साक्षी त्यांनी जमविल्या होत्या. त्यांचे इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर, नाशिकमध्ये बसून वाचता येतात.

द्वेष पसरविणाऱ्यांचे मूळ लेखनही आपल्याला वाचावे लागेल. हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद आपल्याकडे सहज मिळतो, त्याची चिकित्सा करणारे मराठी पुस्तक मात्र हुडकावे लागते, ही खेदाची बाब आहे. 1903 मध्ये रशियात छापलेले तथाकथित ज्यू कटाचे इतिवृत्त (‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’) बनावट असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने 1921 मध्ये दाखवून दिले. हे इतिवृत्त उद्धृत करताना ज्यूंविषयीचा पुरावा म्हणून नव्हे, तर ते रचणाऱ्यांविषयीचा पुरावा म्हणून करावे आणि तसे तळटीपेत स्पष्ट नोंदवावे.