क्लेमोर नक्की कुठली? आणि अँड्रिया फेराराचं कोडं

प्रश्न: स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईचं रीएनॅक्टमेंट करणाऱ्या, म्हणजे ती लढाई वेश करून पुन्हा उभी करणाऱ्या ग्रुपमध्ये मी नवीन आहे, १७४६ चा हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला लढवय्या व्हायचंय. 'क्लेमोर घेऊन ये' म्हणाले म्हणून मी दोन हातांनी धरायची लांबलचक तलवार पसंत केली, तर सगळे हसायला लागले. चुकलं काय?

उत्तर: अहो तुमचं फारसं काही नाही चुकलं, घोळ नावातच आहे. क्लेमोर म्हणजे स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत 'मोठी तलवार', आणि १८ व्या शतकात हेच नाव एका हाताच्या, जाळीदार मुठीच्या ब्रॉडस्वोर्डलाही (रुंद पात्याच्या तलवारीला) सर्रास लावायचे. तुम्ही पसंत केलेली ती दोन हातांची, साधारण १४० सेंमी लांब, मुठीजवळच्या आडव्या दांड्या पात्याकडे झुकलेल्या आणि त्या दांड्यांच्या टोकाला चार पाकळ्यांचं फूल, ती १५ व्या शतकाच्या शेवटापासून १७ व्या शतकापर्यंतची. कलोडनच्या वेळेपर्यंत ती पणजोबांच्या काळातली वस्तू झालेली होती, म्हणून हसले असतील. तुम्हाला हवी बास्केट हिल्ट, म्हणजे ती जाळीदार मुठीची.

घेताना वजन बघा, सव्वा किलोच्या आसपास असावी, दोन किलोची असेल तर ती तलवार नाही पहार आहे. मग ग्लोव्ह घालून मूठ धरून बघा, कारण जाळीच्या आत बोटं आवळली जात असतील तर पहिल्याच सरावात सालपटं निघणार. पात्याचं शेपूट, म्हणजे टँग, मुठीतून आरपार जाऊन शेवटच्या गोळ्यावर ठोकून बसवलेलं पाहिजे. बारीक सळई वेल्ड केलेली असेल तर फिरवताना पातं उडून समोरच्याला लागू शकतं. स्टेनलेस स्टीलची तलवार भिंतीवर छान दिसते, ठोकाठोकीला नको, लवचिक स्प्रिंग स्टीलचीच घ्या. धार बोथट, कडा दोनेक मिलिमीटर जाड आणि टोक गोल, तरी नेमका नियम आधी ग्रुपला विचारा. रस्त्यानं उघडी मिरवत नेऊ नका, ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय तलवार बाळगणं गुन्हा आहे, बॅगेतच राहू द्या.

आणि खरं सांगू का, तलवार घेतलीच पाहिजे असंही नाही. लढाईनंतर ब्रिटिश सरकारी फौजेनं जमा केलेल्या बंडखोरांच्या हत्यारांच्या यादीत मस्केट बंदुका २,३२० आणि ब्रॉडस्वोर्ड फक्त १९०! बंदूकवाला हायलँडर झालात तर उलट जास्त अस्सल दिसाल.

प्रश्न: एक जुनी बास्केट हिल्ट मिळतेय, पात्यावर 'अँड्रिया फेरारा' कोरलंय. विकणारा म्हणतो इटालियन कारागिराची, म्हणून भाव जास्त. घेऊ का?

उत्तर: नावासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. फेरारा हा १६ व्या शतकातला इटलीतल्या बेल्लुनोचा कारागीर, पण त्याचं नाव इतकं चालायचं की जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या ठिकाणी पुढे कितीतरी वर्षं पात्यांवर ते बिनधास्त ठोकत राहिले, स्पेलिंगही दर वेळी वेगळं. म्हणजे आपल्या फिरंगी तलवारीसारखंच, पातं परदेशी आणि मूठ घरची.

खरी मजा मुठीत आहे. ग्लासगो आणि स्टर्लिंगचे कारागीर यात बाप होते, स्टर्लिंगच्या वॉल्टर अॅलनच्या मुठी तर बघतच राहाव्यात. जाळीच्या पट्ट्यांमध्ये पाडलेली पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची भोकं जवळून बघा, हातानं कानस मारलेली असतील तर दोन भोकं कधी तंतोतंत सारखी नसतात, छापाच्या गणपतीसारखी सगळी एकसारखी दिसली तर मला तरी शंका येईल. पातं आणि मूठ वेगवेगळ्या काळातले असू शकतात, जुनं पातं नव्या मुठीत बसवणं तेव्हा नेहमीचंच, त्यात फसवणूक असतेच असं नाही. घेतलीत तर पॉलिश पेपर लांब ठेवा, तो काळपट रंग घालवला की किंमतही गेली. मऊ फडक्यानं थोडं तेल लावा, आणि जाळीच्या आत चामड्याचं, लाल कापडाचं अस्तर शिल्लक असेल तर त्याला तेवढंही लावू नका.