मुतखडा घराण्यातून येतो का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वडिलांना आणि मोठ्या भावाला मुतखडा झाला. मी २८ वर्षांचा आहे. मलाही होणारच का?

होणारच असं नाही. घरात मुतखडा असेल तर धोका साधारण दोन ते अडीच पट वाढतो, हे खरं. पण बहुतेक घरांत त्यामागे एकच जनुक नसतं. लघवीतून कॅल्शियम जास्त जाणं, खडा धरू न देणारं सायट्रेट कमी असणं, असं थोडं थोडं वारशाने येतं. भरीला एकाच स्वयंपाकघरातलं मीठ असतंच. रोज अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. उन्हात काम करत असाल तर प्यायलेल्या पाण्यावर जाऊ नका, बरंचसं घामात जातं.

आमच्या ९ वर्षांच्या मुलाला दुसऱ्यांदा खडा झालाय. माझं लग्न आतेभावाशी झालं. त्याचा संबंध असेल का?

असू शकतो, आणि तुम्ही हे मोकळेपणाने विचारलंत ते फार बरं झालं. लहान मुलाला पुन्हा खडा झाला की आनुवंशिक आजार शोधायलाच हवा. सिस्टिन्युरियात मूत्रपिंडं सिस्टिन हे अमिनो आम्ल परत शोषून घेत नाहीत. ते लघवीत नीट विरघळत नाही आणि त्याचे षटकोनी स्फटिक बनतात. ब्रिटिश डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ साली लंडनच्या व्याख्यानांत चयापचयाचे जे जन्मजात दोष मांडले, त्यांतलाच हा एक. दुसरा आजार प्राथमिक हायपरऑक्सॅल्युरिया. त्यात यकृतातलं विकर (एन्झाइम) कमी पडून, कॅल्शियमशी जुळून खडा बनवणारं ऑक्सलेट बेसुमार तयार होतं. वेळेत कळलं नाही तर मूत्रपिंडं निकामी होतात. कळलं तर काहींना बी-६ जीवनसत्त्वानेही फरक पडतो. हायपरऑक्सॅल्युरिया होतो तो आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तर, सिस्टिन्युरियाही बहुधा तसाच. नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. यात तुमचा अपराध काहीच नाही. मुलांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना भेटा, खड्याची, २४ तासांच्या लघवीची आणि जनुकीय तपासणी करून घ्या. धाकटी भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी हवी.

दूध आणि टोमॅटो बंद करू का?

नको. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरून ठेवतं. इटलीत पाच वर्षं चाललेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅल्शियम तोडणाऱ्या पुरुषांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ-मांस कमी करणाऱ्यांत २० टक्क्यांना. कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा असेल तर पालकाची भाजी मात्र आवरा.

मधुमेह आहे, रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल, तरी तीनदा खडे पडले. कसं?

इन्सुलिन नीट काम करत नसेल तर मूत्रपिंडात आम्ल शमवणारा अमोनिया कमी बनतो आणि लघवी आंबट होते. पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५.५ च्या खाली गेला की लघवीतलं युरिक ॲसिड विरघळत नाही, त्याचे खडे बनतात. रक्तातला आकडा चांगला असला तरी. तुमचे खडे याच प्रकारचे असतील, तर लघवीची आम्लता कमी करणाऱ्या पोटॅशियम सायट्रेटने ते विरघळूही शकतात. पण रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय ते घेऊ नका. आणि तिन्ही खडे फेकून दिले असतील, तर पुढच्या वेळी लघवी गाळणीतून गाळा आणि सापडलेला खडा कोरड्या डबीत घालून लॅबला द्या.