शिरोलीतल्या छोट्या फाउंड्रीनं एआयची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत तुमची ४० माणसांची फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) आहे, मुलगा 'एआय आणू या' म्हणून मागं लागलाय आणि एक विक्रेता कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, तपासणारा कॅमेरा ५ लाखांना देतोय. घ्यावा का? माझं उत्तर: एवढ्यात नको. आधी रिजेक्शनचं, म्हणजे बाद मालाचं, रजिस्टर उघडा.

मी २२ वर्षं क्वालिटीत काढली. आता गोकुळ शिरगाव, कागल भागातल्या लहान कारखान्यांना हेच काम करून देतो. अशाच एका फाउंड्रीत मालकांना माल परत का येतो ते कळत नव्हतं. रजिस्टरात कारणाच्या रकान्यात पानोपान एकच शब्द होता, 'ब्लो होल', म्हणजे धातूत पडलेलं पोकळ भोक. बाद मालाचा ढीग आम्ही पुन्हा हातानं निवडला, तर त्यात बरेच पीस सँड इन्क्लूजनचे, म्हणजे धातूत वाळू अडकलेले, निघाले. हा नुसता नावाचा फरक नव्हे. ब्लो होल बहुतेक वेळा गॅसमुळे येतं, म्हणजे साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालंय का ते बघायचं. वाळू कोरडी पडून साच्याची कड झडली की ती धातूत जाते, तिथं पाणी कमी पडलेलं असतं. नाव चुकलं की उपाय बरोबर उलटा होतो. ते लोक महिनोन् महिने पाणी कमी करत होते!

मग १५ दिवस फेटलिंगवाल्या (ओतलेला माल साफ करणाऱ्या) पोरांना दोषांचे नमुने टेबलावर मांडून ओळखायला शिकवलं आणि नोंदी नीट करून घेतल्या. त्यानंतर रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून एआयकडून तक्ता बनवून घेतला. इथं जपा: हातानं लिहिलेले देवनागरी १ आणि ९ तो सर्रास गफलतीनं वाचतो. ओलावा ३.१ असताना ३.९ पडला की पुढचा सगळा हिशोब वाया. म्हणून प्रत्येक पान एका माणसानं मूळ रजिस्टरशी ताडून बघायचंच.

तक्त्यात हीट नंबर (धातू कुठल्या वितळणीचा तो आकडा), वेळ, वाळूचा ओलावा, ओतण्याचं तापमान आणि दोष एका ओळीत आल्यावर दिसलं की सँड इन्क्लूजन जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या काही बॉक्समध्ये, म्हणजे साच्यांत, गोळा होतंय. हॉपरमधली (साठवायच्या टाकीतली) वाळू तेवढ्या वेळात सुकत होती. मी हे मोल्डिंगवरच्या (साचे बनवणाऱ्या) जुन्या मिस्त्रींना दाखवलं, तर ते म्हणाले, "साहेब, हे मला कवाच ठाऊक हाय. इचारलं कुणी?" सुट्टीनंतर ओलावा पुन्हा तपासूनच काम सुरू करायचं ठरलं आणि फरक पडला. त्या मिस्त्रींचं वाक्य मला अजून बोचतं. तुमच्याकडेही असा माणूस असणार. त्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, एआयकडून मराठीत उतरवून घ्या आणि त्यालाच वाचून दाखवून दुरुस्त करा.

आता कॅमेऱ्याचं. एकच पार्ट रोज हजारोंनी निघत असेल तर तो उपयोगी पडतो. पण तुमचं जॉबिंगचं, म्हणजे ऑर्डरप्रमाणे वेगवेगळे पार्ट करायचं, काम असेल, ५०-६० पॅटर्न (साचा पाडायचे नमुने) फिरत असतील, तर प्रत्येक पार्टचे पुरेसे खराब नमुने त्याला शिकवायला आणणार कुठून? शिवाय धूळ, बदलता उजेड आणि पोटातलं श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी), जे वरून दिसतच नाही. विक्रेता '९७ टक्के अचूक' म्हणाला तर हुरळून जाऊ नका. १००० पीसमध्ये ३० खराब असतील आणि मशिननं सगळेच पास केले, तरी ते ९७ टक्के बरोबरच ठरतं. तुम्हीच ओळखलेले खराब पीस चांगल्यांत मिसळून द्या आणि दोन आकडे वेगवेगळे मागा: किती खराब सुटले, किती चांगले अडवले. ही चाचणी तुमच्या शॉपफ्लोअरवर व्हायला हवी, त्यांच्या ऑफिसात नव्हे.

कस्टमरला इंग्रजी मेल, कोटेशनचा मसुदा, हिंदी बोलणाऱ्या कामगारांसाठी सूचना, हे मुलाला आजपासून करू द्या, त्याला फारसा खर्च नाही. ८डी रिपोर्टची (तक्रारीचं कारण आणि उपाय कस्टमरला कळवायच्या अहवालाची) भाषाही सुधारून घ्या, पण त्यातलं मूळ कारण एआयला विचारू नका. तो वाचायला पटेल असं कारण रचून देतो, आणि ऑडिटर शॉपफ्लोअरवर आला की उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. कस्टमरचं ड्रॉइंग मात्र फुकटच्या ॲपवर कधीच चढवू नका. गोपनीयतेच्या करारावर सही तुमची असते.

कामगारांना पहिल्याच दिवशी सांगा की ही नोंद कुणाची हजेरी किंवा चूक पकडायला नाही. ही भीती बसली की रजिस्टरात पुन्हा 'ब्लो होल'च दिसायला लागेल.

आणि मुलाला महिनाभर मोल्डिंगवर त्या जुन्या माणसाशेजारी उभं करा, वही घेऊन. कॅमेऱ्यावाल्याला तोवर थांबायला सांगा.