न्यूक्लियस डुलतो तो वेग कमी झाला म्हणून नाही

प्रश्न: सर, मी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. भोवऱ्याचा वेग कमी झाला की तो डुलतो आणि मग पडतो. न्यूक्लियसपण डुलतो असं वाचलं, मग त्याचापण वेग कमी झालेला असतो का? आणि एवढी बारीक गोष्ट डुलताना दिसली कशी?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: वेगाचं विचारलंत ते बरं झालं, सगळा घोळ तिथंच होतो. भोवरा आरीवर उभा असतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला पाडायला बघतं म्हणून तो डुलतो. न्यूक्लियसला बाहेरून ओढणारं कुणी नाही, तो डुलतो आकारामुळं. एकदम गोल असेल तर क्वांटम नियमांनी तो अख्खा फिरला असं म्हणताच येत नाही, नुसता लांबुळका असेल तर फिरतो पण असा डुलत नाही, लांबी रुंदी जाडी तिन्ही वेगळ्या असल्या तरच तिन्ही अक्षांचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरवायला होणारा विरोध) वेगळा होतो. मग तेवढ्याच स्पिनला, म्हणजे न्यूक्लियसच्या एकूण फिरकीला, सगळ्यात मोठ्या मोमेंटच्या अक्षाभोवती फिरणं सगळ्यात स्वस्त पडतं, आणि थोडी ऊर्जा जास्त असली की स्पिनची दिशा त्या अक्षापासून कलून त्याच्याभोवती डुलत राहते. तेही कसंही नाही, एक क्वांटम (ऊर्जेचा ठरावीक तुकडा), दोन क्वांटम असं पायरीपायरीनं.

हे भाकीत ऑगे बोर आणि बेन मॉटलसन या भौतिकशास्त्रज्ञांचं, १९७५ चं, त्याच वर्षी दोघांना जेम्स रेनवॉटरसोबत नोबेल मिळालं. पुरावा मिळायला २००१ उजाडलं! लॅन्थनमवर सिलिकॉनचा बीम मारून ल्युटेशियम-१६३ बनवला, तो प्रचंड वेगानं फिरत जन्मतो आणि गॅमा किरण सोडत शांत होतो. डुलण्याच्या प्रत्येक पायरीचा गॅमा किरणांचा वेगळा बँड, म्हणजे ओळीनं येणाऱ्या ऊर्जांची मालिका, दिसतो. पण खरी खूण पुढं आहे: एका बँडमधून दुसऱ्यात येताना स्पिन फक्त १ नं बदलतो, अशा वेळी बहुतेकदा चुंबकीय गॅमा जोरात असतो, इथं मात्र इलेक्ट्रिक क्वाड्रुपोल, म्हणजे चार्जचा लांबट आकार हलल्यानं निघणारा गॅमा, जोरात निघाला, कारण चार्ज असलेला अख्खा न्यूक्लियसच हलतोय.

ही खूण मोजणं अवघड आहे हं. प्रासिओडिमियम-१३५ डुलतो असं २०१५ ला छापून आलं आणि २०२२ ला दुसऱ्या टीमनं मोजून ते नाकारलं. मला तरी नुसते बँड बघून कुणी डुलणं म्हटलं तर पटत नाही, आधी त्या गॅमात चुंबकीय किती आणि इलेक्ट्रिक किती, हे मिश्रण विचारायचं. एमएस्सीला न्यूक्लिअर घेणार असाल तर आपल्याकडचं इंगा बघा, ही डिटेक्टरांची मांडणी मुंबई, दिल्ली, कोलकात्यात आळीपाळीनं लागते.