अँजिओग्राफी क्लियर, मग छाती का दाबते?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, मुलगा व्हेटर्नरीला आहे, तो सांगत होता की तैवानमध्ये डुकरांना हार्टचा आनुवंशिक आजार होतो, हार्टचा मसल जाड होतो आणि कोरोनरी, म्हणजे हार्टला रक्त देणाऱ्या नळ्या, पण खराब होतात. आमच्या मिस्टरांना हाच आजार निघालाय, इकोत हार्टच्या दोन कप्प्यांमधला पडदा जाड आलाय, पण अँजिओग्राफी एकदम क्लियर. तरी जिना चढला की छाती दाबते. डुकरांच्या नळ्या खराब आणि ह्यांच्या चांगल्या, असं कसं? की डुकरात चरबीच जास्त म्हणून? — एक वाचक, कराड

उत्तर: ताई, चरबीचा इथे काही संबंध नाही. आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, तैवानच्या लोकांनी १९९४ मध्ये अशा ५५ डुकरांची हृदयं तपासून छापलं होतं, माणसासारखाच जाड पडदा आणि मसलचे धागे एकमेकांत अडकलेले, विस्कटलेले. आपण ब्लॉकेज म्हणतो ते हार्टच्या बाहेरून जाणाऱ्या मोठ्या नळ्यांत असतं, आत चरबीचा थर बसतो. ह्या आजारात बिघाड असतो तो मसलच्या आत शिरलेल्या बारीक फांद्यांत. स्लाइडवर बघितलं ना की कळतं, नळीची भिंत रबरी पाइपसारखी जाड आणि मधे रक्ताला वाट म्हणजे सुईच्या भोकाएवढी. भिंतीतला मसल आणि आतलं अस्तर दोन्ही वाढलेलं. ट्रायक्रोम, म्हणजे व्रण वेगळा दाखवणारा रंग दिला तर आजूबाजूला निळे पट्टे दिसतात, तिथला मसल मरून नुसता व्रण राहिलेला असतो.

आणि ह्या फांद्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत, तिथे फक्त मोठ्या नळ्या दिसतात! म्हणजे मिस्टरांच्या मोठ्या नळ्या चांगल्या हे खरं, पण बारीक नळ्यांचं त्या रिपोर्टवरून काहीच कळत नाही. माणसातही १९८६ मध्ये अमेरिकेत ४८ मृत पेशंटची हृदयं बघितली तेव्हा ४० जणांत अशाच जाड झालेल्या नळ्या सापडल्या. त्यात मसल जाड म्हणजे त्याला रक्त जास्त लागणार आणि वाट तर अरुंद, बसल्या जागी भागतं पण जिना चढला की कमी पडतं. त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल, मनाचे खेळ आहेत" असं घरात कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. अर्थात छाती दाबायला ह्या आजारात दुसरी पण कारणं असतात, रक्त बाहेर पडायच्या वाटेतच अडथळा येतो काहींना, म्हणून कार्डिओलॉजिस्टला जिन्याचं नीट सांगा, गोळ्या मनाने बंद करू नका, आणि चक्कर येऊन पडले तर लगेच न्या.

डुकराचं हार्ट आकाराने, नळ्यांच्या मांडणीने आपल्या बरंच जवळचं, म्हणून मुलाने सांगितलेलं तुमच्या घरी लागू पडतं. पण तो एक गोष्ट विसरला बहुतेक. आई-बापापैकी एकाला हा आजार असेल तर सहसा प्रत्येक मुलात तो जीन यायची शक्यता निम्मी असते. भारतीय उपखंडात तर मायोसिन बाइंडिंग प्रोटीन ह्या हार्टच्या मसलमधल्या प्रोटीनच्या जीनमधला एक बदल साधारण ४ टक्के लोकांत आहे, २००९ मध्ये छापून आलंय ते, सगळेच आजारी पडतात असं नाही पण धोका वाढतो. मिस्टरांच्या भावंडांचा इको, ईसीजी करून घ्या. आणि डुकरांच्या हार्टचा अभ्यास करणाऱ्या चिरंजीवांचा स्वतःचा इको झालाय का, ते आधी विचारा.