मनसरचा काळा दगड

वाचकांचे प्रश्न : विज्ञान, शाळा आणि रोजगार

(उत्तरं देणाऱ्या लेखिका नागपुरातल्या एका महाविद्यालयातून रसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्या. शाळांसाठीच्या विस्तार उपक्रमाचं, म्हणजे महाविद्यालयानं शाळांत जाऊन विज्ञान शिकवण्याचं, काम त्यांनी अकरा वर्षं सांभाळलं.)

प्रश्न : मी नागपुरात एका विज्ञान महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक आहे. यंदा शाळांसाठीच्या विज्ञान विस्तार उपक्रमाचं समन्वयकपद माझ्याकडे आलं. वर्षभरात ५० शाळा आणि ५,००० विद्यार्थी असं लक्ष्य आहे. मुलांना विज्ञानाची गोडी लागावी आणि पुढे रोजगार मिळावा, असे दोन्ही हेतू प्रस्तावात लिहिलेत. गाडी आणि एक लाख रुपये मिळतील. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी प्राचार्यांकडे जा आणि ५० चा आकडा ६ वर आणा. सोपं नाही, ठाऊक आहे मला. पण ते जमलं नाही तर तुमचं वर्ष गाडीतच जाईल. सुट्ट्या, परीक्षा, निवडणुकीची कामं वगळली की आठवड्याला दोन शाळा येतात. एका शाळेत दोन तास, समोर शंभर मुलं, मधे एक टेबल, आणि मागच्या रांगेला काहीच दिसत नाही. महिन्याभरानं विचारलं तर मुलं सांगतात, "धूर निघाला होता." पहिली दोन वर्षं मी हेच केलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या फायलीत ४१ शाळा होत्या, आणि त्यांतल्या एकाही विज्ञान शिक्षकाचं नाव मला पाठ नव्हतं. त्याची खंत अजून वाटते.

तिसऱ्या वर्षी रामटेक तालुक्यात मनसरजवळच्या एका शाळेत गेले. मनसर, कांद्री हा मँगनीजच्या खाणींचा पट्टा. वर्ग आठवीचा. टॉर्चचा जुना सेल मी आधीच कापून नेला होता. बाहेर जस्ताचं भांडं, मधे कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती काळी पूड. ही पूड मँगनीज डायऑक्साईडची, एवढं सांगून सेल फिरवायला दिला. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं पूड बोटावर घेतली, चोळली, वास घेतला आणि म्हणाली, "मॅडम, असं काळं तं आमच्या बाबाच्या कपड्याले असते. खदानीतून आले का आई आंगणातच झटकाले लावते."

मी हो म्हटलं, आणखी दोन वाक्यं बोलले आणि पुढच्या प्रयोगाकडे वळले. वेळापत्रकात पुढची शाळा होती ना!

चार दिवसांनी तिथल्या शिक्षकांचा फोन आला. मुलांनी घरून काळे दगड आणले होते, खिडकीत ढीग लागला होता. "मॅडम, आता यांचं काय करू?" माझ्या मते आमचा विस्तार उपक्रम त्या फोनपासून सुरू झाला.

त्या वर्षात मी त्या शाळेत आणखी चारदा गेले. दगडांची घनता काढली. ताणकाटा शाळेत होताच, बादलीही होती. दगड हवेत तोलायचा, मग दोरीला टांगून पाण्यात बुडवून तोलायचा. साध्या दगडाची घनता पाण्याच्या २.७ पटीच्या आसपास येते, यांतल्या काहींची ४ पटीच्या वर गेली. आकडे फळ्यावर मुलांनी लिहिले. मग दगड कुटून चिमूटभर पूड मेडिकलमधून आणलेल्या हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये टाकली. फसफसून फेस आला, विझत आलेली उदबत्ती नळीच्या तोंडाशी धरली तशी भपकन पेटली. काही दगडांनी मात्र जेमतेम चार बुडबुडे काढले. मुलांनी आपणहून दोन ढीग केले आणि विचारलं, दोन्ही काळेच, मग असं का? सगळं काळं खनिज एकच नसतं, मँगनीजची खनिजंही निरनिराळी असतात, इथपर्यंत आम्ही पोहोचलो. बहुतेक मँगनीज पोलादात जातं, सेलमध्ये थोडंच, हे शिक्षकांनी सांगितलं. नंतर त्यांनी खाणीतल्या प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या एका माणसालाच वर्गात बोलावलं. हे काम करायला काय शिकावं लागतं, पगार किती मिळतो, हे त्या दिवशी पोरांनी थेट विचारलं. तुमच्या प्रस्तावातला 'रोजगार' वर्गात येतो तो असा.

(सेल कापायचा तो जुना, साधा, जस्त-कार्बनचाच. अल्कलाइन किंवा लिथियमचा कधीच नाही. आणि कापायचा मोठ्यांनी, हातमोजे घालून.)

प्राचार्यांना पटवायला एक दाखला घेऊन जा. आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात होते. एवढी माणसं हाताशी असताना त्यांनी शाळा घेतल्या फक्त १६, सहावी ते आठवीच्या सरकारी शाळा, आणि पुढची सहा वर्षं त्यांतच काम केलं. जिल्हाभर नेलं ते १९७८ मध्ये. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि त्यांच्या नियमित बैठका हा त्या कामाचा कणा होता. २००२ मध्ये सरकारनं कार्यक्रम बंद केला, पण त्यात तयार झालेले शिक्षक आणि पुस्तकं पुढे देशभर उपयोगी पडली.

आणि 'विस्तार' हा शब्द आपल्याकडे शेतीतून आलाय, हे विसरू नका. कृषी विद्यापीठांना शिक्षण आणि संशोधनाइतकंच विस्ताराचं काम नेमून दिलेलं असतं. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून विदर्भात ते करतंय. एकदा बांधावर येऊन भाषण देऊन गेलेल्या माणसाचं कोणता शेतकरी ऐकतो? पेरणीला आला, किडीच्या वेळी आला, तरच त्याचं नाव लक्षात राहतं.

तुमचे बी.एस्सी.चे विद्यार्थी बरोबर न्या, पण आधी त्यांच्याकडून साधं मराठी बोलून घ्या. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं १९७४ मध्ये स्थापन झाल्यावर सुरुवातीच्या काळातच दाखवून दिलं होतं की पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हीच मुलांची मोठी अडचण असते. आमच्या एका विद्यार्थ्यानं पाचवीच्या वर्गात 'उत्प्रेरक' शब्द सातदा वापरला. मी मोजलं. मुलं मान डोलवत होती आणि मला रडू येत होतं.

लाख रुपयांतले निम्मे शिक्षकांच्या जाण्यायेण्यावर, जेवणावर आणि महिन्याच्या बैठकीवर ठेवा. मुलांना महाविद्यालयात आणणार असाल तर आधी एस.टी.चं वेळापत्रक बघा. आम्ही एकदा साडेपाचपर्यंत कार्यक्रम ताणला, शेवटची गाडी पावणेपाचला सुटली होती. अकरा मुलींना घरी पोचवायला रात्रीचे साडेनऊ वाजले. पुढच्या वर्षी त्या गावातून एकही मुलगी आली नाही. चूक संपूर्ण माझी होती.

आणि वर्षअखेरच्या अहवालात एक रकाना स्वतः वाढवा : कोणत्या शिक्षकानं आपणहून फोन केला, आणि कशासाठी.

प्रश्न : मी कुही तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी शाळेला सूक्ष्मदर्शकासकट बरंच साहित्य देणगीत मिळालं. तुटलं तर भरपाई कोण देणार, म्हणून ते कपाटातच आहे. महाविद्यालयांचे लोक येतात, स्वतःचं साहित्य मांडतात, फोटो काढतात आणि जातात. आम्हाला कुणी काही विचारत नाही.
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वरच्या प्राध्यापकांनीही ते वाचावं म्हणून शेजारीच छापायला सांगितलंय.

सूक्ष्मदर्शकाचं आधी. भिंगावरची प्लास्टिकची पिशवी अजून तशीच असलेले सूक्ष्मदर्शक मी किती शाळांत पाहिले, मोजदाद नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत एक ठराव मांडा : वर्गात शिकवताना साहित्य तुटलं तर साठा नोंदवहीत 'वापरात तुटले' अशी नोंद होईल, शिक्षकाकडून वसुली होणार नाही. भीती तोंडी असते तोवर फार मोठी वाटते. इतिवृत्तात सही झाली की मुख्याध्यापकांचाही जीव हलका होतो, त्यांनाही वरून विचारणा होतच असते. कपाट उघडलं त्या दिवशी कांद्याची साल आणि आयोडीनचा एक थेंब एवढंच घ्या. सालीचा पापुद्रा नखानं काढायचं काम मुलांनाच करू द्या. पहिल्या दहांतल्या आठ काचपट्ट्या फसतील, त्यात हवेचे गोल गोल बुडबुडे दिसतील आणि मुलं त्यांनाच पेशी म्हणतील. तिथेच खरं शिकवणं सुरू होतं.

पुढच्या वेळी कुणी कार्यक्रमासाठी फोन केला तर हो म्हणण्याआधी विचारा : कोणता धडा घेणार? आमच्या कपाटातलं साहित्य वापराल का? परत कधी येणार? तिसऱ्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही तर स्पष्ट नकार द्या. तुमची शाळा म्हणजे कुणाच्या अहवालाची जागा नव्हे.

नागपुरात राष्ट्रभाषा संकुलात अपूर्व विज्ञान मेळा भरतो, तो मुलांना जरूर दाखवा. तिथे साध्या, स्वस्त साहित्यातले प्रयोग मांडून समजावतात ती महापालिकेच्या शाळांतली मुलं. तुमची पोरं ते बघून परतली की कपाटाची किल्ली तीच मागतील. त्याच फेरीत गांधीसागराजवळचं रामन विज्ञान केंद्रही होईल. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९१० च्या सुमाराला नागपुरात सरकारी वित्त खात्यात अधिकारी होते, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

प्रश्न : मी बुटीबोरीला राहते. मुलीला दहावीत ७४ टक्के मिळाले. मिक्सर, पंखा स्वतः उघडून दुरुस्त करते. नातेवाईक म्हणतात अकरावी सायन्स घे, डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दे. तिला पॉलिटेक्निकला जायचंय. मिस्टर कंपनीत कंत्राटावर आहेत. मुलीच्या जातीला हे काम जमेल का?
— एक आई

उत्तर : जमेल. मुलगी जे काम आत्ता घरात करतेय, ते पुढे जमेल का हा प्रश्नच उरत नाही.

दहावीनंतरची पॉलिटेक्निकची पदविका तीन वर्षांची. ती झाली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे पदवीची वाट बंद होत नाही. अकरावी-बारावी विज्ञान करून मन बदललं, किंवा दोन वर्षांचं आय.टी.आय. केलं, तरी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. फीची काळजी असेल तर राज्य सरकारचा जुलै २०२४ चा निर्णय आहे. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणाच्या आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. तुमच्या निवडलेल्या अभ्यासक्रमाला काय लागू होतं, ते प्रवेशाच्या सुविधा केंद्रात विचारा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा. ऐन वेळी तिथे रांग असते.

शिकाऊ उमेदवारीचंही (अप्रेंटिसशिप) लक्षात असू द्या. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला कायद्यानं शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, ४ ते २९ असतील तर ते ऐच्छिक आहे. बुटीबोरी आणि हिंगण्याला असे कारखाने तुमच्या दाराशी आहेत. मिस्टरांना त्यांच्या कारखान्यात विचारू द्या, देखभाल विभागात मुली आहेत का. नसतील तर तुमची पहिली असेल. तेव्हा स्वच्छतागृह कुठे आहे, रात्रपाळीला गाडी सोडते का, हेही बिनधास्त विचारायचं.

नातेवाइकांशी वाद घालत बसू नका. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी तिला घेऊन नागपुरात सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनात, म्हणजे सरकारी पॉलिटेक्निकात, जा. कार्यशाळा बघायचीय म्हणून सांगा. लेथ चालू असेल तेव्हा तिला जवळ उभं राहू द्या, केस घट्ट बांधलेले हवेत आणि ओढणी अजिबात नको. तिथल्या निदेशकांना प्रश्न तिनंच विचारायचे, तुम्ही नाही.